वरचीला भीती वाटते

वरचीला भीती वाटते हे बांधकामावर कोणालाही माहीत नव्हतं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही असा तिनं चंगच बांधला होता.

तिला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं. पण टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, सगळ्यांच्या डोक्यावर, दिवसभर एकटी बसणारी तीच, म्हणून सगळे तिला वरची म्हणत. 'वरचीला विचार', 'वरचीचं जेवण झालं का बघ', 'नीट काम कर, वरची बघतेय.' देवाबद्दल बोलावं तसं लोक बोलत, आणि वॉकीटॉकीवर ते कानावर पडलं की तिला हसू फुटायचं. काकांना लागलं त्या दिवसापर्यंत.

काका म्हणजे बांधणीवाले काका. खाली जमिनीवर ओझ्याला बेल्ट गुंडाळायचे, हुकात अडकवायचे आणि बाजूला होऊन हात वर करायचा, हे त्यांचं काम. ती नवीन आली तेव्हा बाईच्या हाताखाली ओझं बांधायला कोणी तयार होईना. तेव्हा काका पुढे झाले आणि म्हणाले, हिची बांधणी मी करतो, तुम्ही बसा बिड्या ओढत. तेव्हापासून दोघांची जोडी जमली होती. काकांनी हात वर केला की ती उचलायची. त्यांच्या हाताच्या नुसत्या ढबीवरून तिला कळायचं की आज स्वारी खुशीत आहे की घरून भांडून आली आहे.

त्या दिवशी सळयांचा भारा होता. काकांनी हात वर केला, तिनं उचललं, भारा माणसाच्या डोक्याइतका वर गेला असेल नसेल आणि बेल्ट तुटला. काका मागे सरकत होते, पण पाऊल सळयांखाली सापडलं. वरून आवाज येत नाही. काचेच्या केबिनमध्ये वाऱ्याची सूं सूं आणि मशीनची घरघर, बाकी काही नाही. तिला दिसलं ते एवढंच: भारा विस्कटला, काका आडवे झाले, त्यांचं तोंड उघडलं, आणि चहूबाजूंनी हेल्मेटं धावत आली. सगळं मुकं.

चौकशी झाली. बेल्टची शिवण आतून कुजली होती, बाहेरून कळण्यासारखं नव्हतं, दोष कोणाचाच नाही, असं ठरलं. जुने बेल्ट सगळे काढून टाकले, नवे आणले. जो तो तिला सांगायचा की तुझी काही चूक नाही, मनाला लावून घेऊ नकोस. ती मान डोलवायची. चूक नाही हे तिलाही पटलं होतं. पण पोटातल्या गोळ्याला ते कोण समजावणार?

तो गोळा सकाळी शिडीपाशीच यायचा. पहिल्या पायरीवर हात ठेवला की तळवे ओले व्हायचे. केबिनमध्ये बसली की छातीत धडधड सुरू, आणि खालून कोणी हात वर केला की हातपाय गळून जायचे. मग ती काहीबाही करायची. दात आवळायची. पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची. सतराचा पाढा म्हणायची, कारण तो तिला लहानपणीही धड येत नव्हता आणि त्यात डोकं गुंतून राहायचं. असं करत करत दिवस ढकलायची, संध्याकाळी खाली उतरली की अंगातलं सगळं बळ संपलेलं असायचं, आणि घरी गेल्यावर नवऱ्यावर विनाकारण खेकसायची. नवरा बेकरीत कामाला. तो बिचारा ऐकून घ्यायचा. काकांना भेटायला दवाखान्यात तोच दोनदा जाऊन आला. हिचं प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. डोकं दुखतंय, उशीर झालाय, पुढच्या आठवड्यात नक्की.

तिचं गुपित फुटलं ते नणंदेसमोर. नणंद, म्हणजे ताई, नवऱ्याहून मोठी, प्रसूतिगृहात नर्स. आयुष्यभर बाळंतिणींना दम देण्यात गेल्यामुळे तिचा आवाज घरातही वॉर्डात असल्यासारखाच लागायचा. सुट्टीच्या दिवशी ती जेवायला आली होती. दोघी स्वयंपाकघरात असताना ओट्यावरून झाकण खाली पडलं. नुसतं झाकण. वरचीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती भिंतीला चिकटली.

ताईंनी झाकण उचलून जागेवर ठेवलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, "कधीपासून?"

आधी तिनं नाही नाही म्हणून पाहिलं. पण ज्या बाईनं हजारो बायकांना 'मला काही होत नाहीये' म्हणताना पाहिलं होतं, तिच्यापुढे ते टिकणार थोडंच. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की आता ताई म्हणणार, सोड ती नोकरी, मी आधीच सांगत होते. पण ताई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं की भीती आली की तू काय करतेस. तिनं दात, पेपरमिंट आणि पाढा सांगितला.

"म्हणजे कुस्ती खेळतेस," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे निम्म्या जणी हेच करतात. कळ आली की पलंगाची दांडी धरायची, श्वास कोंडायचा, अंग लाकडासारखं करायचं. मी त्यांना म्हणते, बाई, ती कळ कुठे आहे ते मला दाखव. बोट ठेव. चढतेय का उतरतेय ते सांग. बाकी तू काही करू नकोस."

"मग दुखायचं थांबतं?"

"छे, दुखतंच की. पण दुखण्यावर दुसरं दुखणं चढत नाही. आणि कळ कुठलीही असो, ती चढते, माथ्यावर येते आणि उतरते. न उतरलेली मी अजून पाहिली नाही. तू तुझ्या भीतीकडे एकदा तरी नीट बघितलंस का?"

वरची म्हणाली की त्यात बघायचं काय, ती आली की मी दुसरीकडे बघते.

ताईंनी तिला तिथंच पाटावर बसवलं आणि आत्ता आहे का म्हणून विचारलं. होती. कुठे? तिनं लाजत पोटावर हात ठेवला. कशी आहे? आवळल्यासारखी. ती सांगू लागली तसं ते आवळणं वर छातीत सरकलं, काकांचं उघडं तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि ती भांडी घासायची राहिलीत म्हणत ताडकन उठली. ताईंनी आग्रह केला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की पळावंसं वाटलं तर पळ, पण पळतेयस हे तुला कळू दे. वरचीला मनातून वाटलं, बाळंतिणींचं ठीक आहे, त्यांच्या हाती शेवटी बाळ तरी लागतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काचा आल्या.

इमारतीच्या दर्शनी बाजूला बसवायच्या भल्या मोठ्या काचा, लाकडी चौकटीत उभ्या बांधलेल्या. अशी एकेक चौकट उचलून वरच्या मजल्याच्या फलाटावर ठेवायची होती. काच म्हणजे वाऱ्याला शिडासारखी. हवा पडलेली असेल तेव्हाच उचलायची, असा नियम. दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं, म्हणून काम सुरू झालं.

तिला खालून सूचना देणारा शिट्टी होता. वॉकीटॉकी आल्या त्याआधी तो खरोखरच शिट्टी वाजवून इशारे द्यायचा. शिट्टी गेली, नाव राहिलं. गडी बडबड्या, पण कामाच्या वेळी चोख. काकांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं बेल्ट गुंडाळले, पुन्हा तपासले आणि हात वर केला. शिट्टी म्हणाला, "घे वर, सावकाश."

पहिली चौकट बिनबोभाट गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि कुठूनसा वारा सुटला. आधी केबिनची काच थरथरली, मग चौकट हुकाखाली हळूच फिरली, उन्हात लखकन चमकली आणि झोके घेऊ लागली. तिनं वेग कमी केला. इतपत वारा तिला नवा नव्हता. पण खाली बघितलं तेव्हा एक पांढरं हेल्मेट झोक्याच्या रेषेत चाललेलं दिसलं. वर न बघता, आपल्याच नादात. काकांचं हेल्मेट पांढरंच होतं.

तिचे हात लिव्हरवरून सुटले.

लिव्हर सोडले की ब्रेक लागतात आणि ओझं आहे तिथं लटकून राहतं. चौकट तशीच अधांतरी राहिली, झोके घेत. पांढरं हेल्मेट कोणीतरी ओढून बाजूला नेलं. तिला ते दिसलं, पण उमगलं नाही. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं. बोटं बधिर झाली होती. श्वास गळ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा.

शिट्टीनं विचारलं, थांबलीस का? तिला बोलता येईना. त्यानं पुन्हा विचारलं. मग साइटच्या इंजिनिअरनं त्याच्या हातातून वॉकीटॉकी घेतली आणि ओझं ताबडतोब खाली घे, वारा वाढतोय, अशी ओरड सुरू केली. त्याचंही खोटं नव्हतं. वारा वाढला की ती चौकट इमारतीवर आपटणार, आणि त्या काचांचा पाऊस कुठवर पोचेल याचा भरवसा नाही. दुसरा क्रेनवाला रजेवर होता. तो येऊन शिडी चढेपर्यंत वारा काही थांबणार नव्हता. म्हणजे जे करायचं ते तिनंच. हे सगळं तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच भीती दुप्पट होत होती.

तिनं दात आवळले. काही झालं नाही. पेपरमिंटची पुडी काढायला गेली तर गोळ्या पायांशी सांडल्या. सतराचा पाढा दुसऱ्याच ओळीवर अडकला. दार उघडून पळावं, तर दारापलीकडे शिडी, आणि असल्या पायांनी शिडीवर गेली तर सरळ खाली. दुसरीकडे बघायला जागाच उरली नव्हती.

तेव्हा ती भीतीकडे बघू लागली. धैर्य आलं म्हणून नव्हे. सगळे दरवाजे बंद झाले म्हणून.

गुडघे थरथरत होते. डावा जास्त. पोटात कोणीतरी ओलं फडकं पिळावं तसं होत होतं. घशात काहीतरी कोरडं अडकलं होतं. ती एकेका जागी मनातल्या मनात बोट ठेवत गेली, आणि ठेवता ठेवता भीती आणखी चढली. एकदम, भिंतीसारखी. आता आपण मरतो असं तिला स्वच्छ वाटलं. पाठोपाठ काका आले. आडवे झालेले, तोंड उघडं. रोज यायचे तसेच, आणि रोज ती त्यांना हाकलायची. या वेळी तिनं त्यांना येऊ दिलं. नुसतं पाहिलं.

तिचा हात नकळत वॉकीटॉकीच्या बटणावर दाबला गेला होता. तिच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं आणि ते खाली सगळ्यांनी ऐकलं.

"शिट्टी," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

इंजिनिअरनं वॉकीटॉकी मुकाट्यानं शिट्टीच्या हाती दिली. शिट्टी काही ज्ञानी माणूस नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "खाली कोणी नाही आता. सगळे लांब झालेत. मी इथं आहे."

"पोटात आहे. गुडघ्यात पण आहे."

"बरं."

"अजून चढतेय."

शिट्टीला वाटलं वारा चढतोय म्हणते की काय. पण तो म्हणाला, "बरं, सांगत राहा."

ती सांगत राहिली. गळ्यात आहे. हात गार पडलेत. चढतेय. अजून चढतेय. खाली उभी असलेली माणसं वर तोंड करून ऐकत होती, आणि कोणीही हसलं नाही. शिट्टी घाम पुसत वाट बघत होता.

"आता तिथंच थांबलीय," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, स्वतःलाच आश्चर्य वाटावं अशा आवाजात, "उतरतेय, शिट्टी. थोडी उतरली."

श्वास घशाच्या खाली उतरला. बोटांना मुंग्या आल्या, म्हणजे बोटं जागी झाली. भीती गेली नव्हती, कोपऱ्यात बसून होती. पण केबिनमध्ये आता भीतीखेरीज इतरही गोष्टी होत्या. लिव्हरची गुळगुळीत मूठ होती. ऊन होतं. चौकट होती, आणि ती कोणत्या बाजूला झुकतेय ते तिला पुन्हा दिसू लागलं होतं.

झोका थांबवायचा तर ओझ्याला मागे खेचायचं नसतं. ते ज्या बाजूला जातंय त्या बाजूला हूक त्याच्या डोक्यावर न्यायचा असतो. तिनं तसं केलं. एकदा चुकलं, चौकट उलट जोरात फिरली, आणि पोटातला पिळा पुन्हा उसळून वर आला. "परत आली," ती म्हणाली. शिट्टी म्हणाला, "बरं." या खेपेला तिला ती ओळखीची वाटली. तिनं लिव्हर सोडला नाही. पुढचा झोका पकडला, त्यापुढचा पकडला, आणि चौकट शहाण्यासारखी उभी राहिली. मग तिनं ती खाली घेतली, वीतभर वीतभर, लाकूड जमिनीला टेकून बेल्ट सैल पडेपर्यंत. एकही काच तडकली नव्हती.

खाली यायला तिला फार वेळ लागला. एकेक पायरी धरून ती उतरली. इंजिनिअर शिडीपाशीच उभा होता, आणि शिट्टी त्याला समजावत होता की वाऱ्यामुळे थांबली ती, थांबायलाच पाहिजे होतं. वरचीच्या सुटकेला तेवढं पुरेसं होतं. पण ती म्हणाली की वाऱ्यामुळे नाही, मी घाबरले होते, काकांना लागलं तेव्हापासून रोज घाबरते, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. इंजिनिअर रागवायच्या तयारीत होता, पण इतकं सरळ कोणी बोलल्यावर रागवायचं कसं हे त्याला कळलं नाही. आधी सांगायला हवं होतंस, हे माणसांच्या जिवाचं काम आहे, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. मग त्यानं क्रेन बंद करवली आणि तिला घरी जायला सांगितलं. दोन दिवस दुसऱ्याला बोलावतो, नंतर बघू.

ती घरी गेली नाही. काकांकडे गेली.

काकूंनी दार उघडलं आणि तिला आत घेतलं. काका खिडकीशी खुर्चीत होते, पाऊल पट्ट्यांत गुंडाळून स्टुलावर ठेवलेलं. ते बारीक झाले होते. दाढी वाढली होती. तिला पाहून त्यांनी मान फिरवली, आणि पोटातला तो पिळा इथंही हजर झाला. इथं लटकलेलं ओझं नव्हतं, वारा नव्हता. तरी केबिनमधल्याइतकाच मोठा. दार मागेच होतं. आपण आता पळणार आहोत हे तिला दिसलं. ती खाली फरशीवर बसली.

"आलीस होय," काका म्हणाले.

तिनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"बेल्टचा मला राग नाही. बेल्ट बेल्ट आहे. तू आली नाहीस त्याचा आला. रोज वाटायचं, आज येईल."

ती म्हणाली, "मला भीती वाटायची."

"कशाची? माझी?"

ते तिलाही नीट माहीत नव्हतं. ती शोधत शोधत बोलू लागली. म्हणाली, "तुम्ही ओरडलात आणि मला ऐकू आलं नाही. तुम्ही मला हाक मारली असेल, आणि मी वर काचेत बसून नुसती बघत राहिले. रोज तेच दिसतं. तुमचं तोंड उघडं, आणि आवाज नाही."

काकांनी पाय जरा सावरला आणि म्हणाले, "अगं, मी ओरडलोच नाही. आवाजच फुटला नाही माझा. हिला विचार, दवाखान्यात नेईपर्यंत तोंडातून शब्द नव्हता."

काकूंनी होकार दिला. डॉक्टरसुद्धा विचारत होते, म्हणाल्या, की यांना बोलता येतं ना.

वरचीला आधी हसू आलं. ते हसू मध्येच कुठेतरी मोडलं आणि ती रडू लागली. इतक्या आठवड्यांत ती एकदाही रडली नव्हती, भीतीनं तेवढी उसंतच दिली नव्हती. आता ती आवळून न धरता रडली, पदर नाही, रुमाल नाही, हेल्मेट मांडीवर धरून. काकूंनी पाणी आणून शेजारी ठेवलं. काकांनी समजूत घातली नाही. त्यांचेही डोळे भरून आले होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते. मग ते म्हणाले की मलाही झोपेत भारा दिसतो, हिला सांगितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, न सांगता का कळत नाही? शेजारीच झोपते मी.

काका पुन्हा बांधकामावर आले नाहीत. पाऊल वाचलं, पण चाल लंगडी झाली. त्यांच्या मेहुण्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथं ते बसू लागले. वरची दोन दिवसांनी कामावर गेली. सुरुवातीला अर्धा दिवसच बसायची, उरलेला अर्धा दिवस रजेवरून परतलेला क्रेनवाला. पोटातला गोळा कधी शिडीपाशी यायचा, कधी वर. आला की ती शिट्टीला कळवायची, "आली," आणि ओझं आहे तिथंच थांबवायची. शिट्टी खालच्या माणसांना थांबायला सांगायचा. कधी थोडं थांबावं लागायचं, कधी बराच वेळ. काही दिवस भीती यायचीच नाही, आणि ते संध्याकाळी खाली उतरल्यावर लक्षात यायचं.

ताईंना तिनं फोनवर सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं, आणि वॉर्डातल्या आवाजात विचारलं की जेवलीस का. नव्हती जेवली. मग ताई म्हणाल्या, आधी जेव, मग बोलू.